पुलापलीकडची म्हातारी

ज्या रविवारी आंजर्ल्याची माणसं ताईला बघायला येणार होती, त्याच रविवारी सकाळी आमच्या घरात काजवेगडचा दुसरा भाग पूर्ण उतरला. दोन्ही गोष्टी एकाच दिवशी याव्यात असं कोणी ठरवलं नव्हतं. आत्याने माणसं सांगितली होती आणि नेटवाल्याच्या वायरीने खेळ पाठवला होता. दोघांचाही एकमेकांशी काही संबंध नव्हता. तरी पुढची कित्येक वर्षं आमच्याकडे कुठल्याही कार्याची तारीख काढायची झाली की आत्या आधी माझ्याकडे बघून विचारायची, "त्या दिवशी तुझं काही उतरणार नाय ना गो?"

काजवेगड म्हणजे टीव्हीवर खेळायचा खेळ. त्याचं खरं नाव इंग्रजी आणि लांबलचक होतं, पण फोनवरच्या आमच्या मराठी ग्रुपात सगळे त्याला काजवेगडच म्हणायचे. एक ओसाड राज्य, त्यात विझलेले दिवे, आणि आपण ते दिवे एकेक करून लावत गडापर्यंत जायचं, असा तो प्रकार होता. पहिला भाग मी आठवीत असताना डोंबिवलीच्या मामाने दिला, त्याच्या मुलाला नवीन मशीन आल्यावर जुनं मशीन आमच्याकडे आलं त्याच्याबरोबर. दहावीपर्यंत मी तो इतक्या वेळा खेळले की त्यातला लोहार कोणत्या वाराला दुकान बंद ठेवतो हे मला आमच्या सावर्ड्याच्या बाजारापेक्षा जास्त पाठ होतं. आज माझे गुडघे कुरकुरतात, चष्म्याशिवाय स्वतःचं अक्षर दिसत नाही, पण त्या लोहाराच्या दुकानाकडे जाणारी पायवाट मी अजून डोळे मिटून काढून दाखवीन.

आमचं घर बाजाराच्या मागच्या अंगाला. पुढे हायवे, मागे रेल्वे, त्यामुळे घरात बोलणारा प्रत्येक माणूस मध्येच थांबायचा, गाडी जाऊ द्यायचा आणि त्याच शब्दापासून पुढे बोलायचा. बाबा लोट्याला केमिकलच्या कंपनीत होते. कंपनीच्या बसचा हॉर्न नाक्यावर वाजला की आई त्यांच्या हातात डबा द्यायची, आणि बाबा चप्पल घालता घालता एक पोळी चालत चालत खायचे. बाबांना खोटं बोलता येत नसे. सचोटी वगैरे मोठी गोष्ट होती असं नाही, त्यांना ते जमायचंच नाही, जसं काही जणांना शीळ वाजवता येत नाही. एकदा शेजाऱ्यांच्या वास्तुशांतीला त्यांनी विचारलं, जेवण कसं झालं, तर बाबा म्हणाले, "भात कच्चा होता, बाकी मला आठवत नाय." आई घरी येऊन दोन दिवस त्यांच्याशी बोलली नव्हती.

ताई चिपळूणला औषधाच्या दुकानात फार्मासिस्ट होती. बोलायची कमी. तिला बघायला आधीही माणसं येऊन गेली होती, आणि दर वेळी ती "ठरवा तुम्ही" एवढंच म्हणायची. त्यांचंच काही ना काही जमायचं नाही आणि आम्ही सुटायचो. या वेळचं स्थळ मात्र आत्याच्या मते हातचं जाऊ द्यायचं नव्हतं. मुलगा केदार, पुण्याला नोकरी, वडील नाहीत, आंजर्ल्याला आंब्याची बाग. बाग बघायला थोरले काका, म्हणजे अप्पा, आणि घर बघायला आई. "मुलगी दिली की डोळे मिटायला मोकळे," असं आत्या म्हणाली. त्यावर बाबांनी, "मला आत्ता मिटायचे नायत," असं उत्तर दिलं.

त्या सकाळी ग्रुपावर नुसता कल्लोळ चालला होता. ज्यांच्याकडे खेळ शुक्रवारीच उतरला होता ते आपापली पहिली छाप लिहीत होते. नाशिकच्या एकाने लिहिलं, पाण्यात ढगाची सावली पडते, मी अर्धा तास नुसता तळ्याकाठी बसलो. साताऱ्याच्या एकाने लिहिलं की लोहाराची मिशी काढली आहे आणि मी या गोष्टीचा जाहीर निषेध करतो. एकीने, घोडा मान वळवून आपल्याकडे बघतो तेव्हा मला रडू आलं, असं लिहिलं, तर तिला दुसऱ्याने कळवलं की तो मान वळवत नाही, भिंतीत अडकलेला असतो. एका गृहस्थाने 'निराशा झाली' असा लांबच लांब लेख टाकला, आणि खाली विचारणा झाल्यावर कबूल केलं की त्यांच्याकडे खेळ अजून उतरायचा आहे. मी हे सगळं वाचत होते, उजव्या हाताने खोबरं खोवत होते आणि डाव्या डोळ्याने टीव्हीखालच्या मशीनचा निळा दिवा बघत होते.

उतरला. पाहुणे जेवणाच्या सुमारास येणार होते. आई मागच्या दारी कोथिंबीर निवडत होती, ताई केस धूत होती, बाबा आंघोळीला गेले होते. मी म्हटलं, सुरुवात तेवढी बघते. सुरुवातीला एक जळलेलं गाव होतं आणि त्या गावात एकच माणूस उरलेलं होतं, एक म्हातारी. ती आपल्याबरोबर यायला निघते. तिचे पाय दुखतात, त्यामुळे ती हळू चालते, आणि आपण थांबलो की मागून कण्हते, खोकते आणि इंग्रजीत काहीतरी बोलते. मला ती फार आवडली. मी तिला घेऊन ओढ्यापर्यंत आले असेन, तेवढ्यात अंगणात गाडी वाजली. घाट मोकळा मिळाला म्हणून आंजर्लेकर लवकर पोचले होते.

आता यातली अडचण खेळणाऱ्यालाच कळेल. काजवेगडात दिवा लावल्याशिवाय खेळ नोंदला जात नाही. पहिला दिवा नकाशावर पुढच्या एका पुलाच्या पलीकडे दिसत होता. टीव्ही बंद केला की मशीनही आपोआप बंद व्हायचं, आणि मशीन बंद झालं असतं तर माझी सगळी सकाळ पाण्यात गेली असती. म्हणून मी खेळ जागच्या जागी सोडला, आईने शिवलेलं जुन्या साडीचं आवरण मीच टीव्हीवर ओढलं आणि आवाज कमी केला. निदान कमी केला असं मला वाटलं.

पाहुणे बसले. अप्पा उंच, सुकलेले, आवाज मात्र बागेच्या या टोकापासून त्या टोकाला जाणारा. त्यांनी हापूसची पेटी दारात ठेवली आणि हंगामाचं रडगाणं सुरू केलं. केदारची आई हसतमुख, अंग चोरून बसलेली. केदार गोरटेला, इस्त्रीच्या शर्टात, सारखं मनगट खाजवत होता. आत्या सगळ्यांच्या वतीने बोलत होती. आणि बाबा "बसा" म्हणाले नि गप्प झाले, त्या शांततेत साडीच्या आवरणाखालून एक लांबलचक कण्हणं ऐकू आलं.

टीव्हीशेजारीच आतल्या खोलीचं दार होतं, पाहुण्यांच्या माना तिकडे वळल्या. मग खोकला आला. ओला, खोल खोकला.

केदारच्या आईने हळूच विचारलं, "आत कोण आजारी आहे का हो?"

"नाय," बाबा म्हणाले.

लगेच आतून ती म्हातारी इंग्रजीत काहीतरी कळवळून बोलली. अप्पांनी भुवया वर केल्या. केदारच्या आईने आत्याकडे झुकून कुजबुजत विचारलं, आणि ते कुजबुजणं सगळ्यांना ऐकू आलं, "सासूबाई का त्यांच्या? शिकलेल्या दिसतात."

आत्याच्या चेहऱ्याचा रंग गेला. कारण बाबांची आई, म्हणजे तिचीही आई, जाऊन बराच काळ लोटला होता आणि हे तिनेच स्थळाला सांगितलं होतं. आता अप्पांना वाटायला लागलं की या घरात म्हातारं माणूस कोंडून ठेवलंय आणि वर ते मेलंय म्हणून सांगतात. ते उठले. "अहो, माणूस आजारी असेल तर लाज कसली त्यात? भेटून जातो," असं म्हणून आतल्या खोलीकडे निघाले. बाबा गोंधळून त्यांच्या मागे. मला दुसरं काही सुचलं नाही. मी जाऊन टीव्हीवरचं आवरण ओढून काढलं.

पडद्यावर धुकं होतं, ओढा होता आणि काठीला टेकून उभी म्हातारी होती. अप्पा आत जाता जाता थबकले. आणि केदार, जो तोपर्यंत एक शब्द बोलला नव्हता, ताडकन उभा राहिला.

"काजवेगड! दुसरा भाग? उतरला तुझ्याकडे?"

"आज सकाळी," मी म्हटलं.

"माझ्याकडे पुण्यात अजून उतरतोय," तो म्हणाला, आणि हात पुढे करून, "दोनच मिनिटं. देशील?"

आईने मला डोळ्यांनी दे म्हटलं. पाहुणा मागतो ते द्यायचं, हा आमच्याकडचा नियम आंब्याला होता तसाच कंट्रोलरला लागू झाला. मी दिला. आणि त्याच्या मागे उभी राहून बघत राहिले.

तो खेळायचा सुरेख, हे मान्य केलं पाहिजे. बोटं अशी चालायची जशी खैराच्या काताच्या भट्टीवर वड्या कापणाऱ्या बायकांची चालतात, न बघता. ओढा ओलांडला, झाडी कापली, मागे लांडगे लागले. समोर दरी आणि दरीवर दोराचा पूल. पुलाच्या अलीकडे एक वाट खाली लव्हाळ्यात उतरत होती, तिथे तो क्षणभर थांबला. मग पुलावरून एकटा पळत सुटला, पलीकडे पोचला, मागे लांडगे पुलावर चढत होते आणि त्यांच्याही मागे म्हातारी काठी टेकत येत होती. त्याने तलवारीने दोर कापले. पूल कोसळला. लांडगे गेले. म्हातारी पलीकडच्या कड्यावर राहिली आणि हाका मारायला लागली. तो दिव्यापाशी गेला, दिवा लावला, खेळ नोंदवला आणि म्हणाला, "एकदम झक्कास!"

त्याच वेळी ताई पोह्यांचा ट्रे घेऊन त्याच्यासमोर उभी होती. किती वेळ उभी होती मला माहीत नाही. त्याने पडद्यावरून नजर न काढता बशी घेतली. मग भानावर आला, दचकला, फार लाजला आणि नीट नमस्कार केला. पुढचं सगळं रीतीप्रमाणे झालं. त्याने शिक्षण विचारलं, तिने सांगितलं. पोह्यांत खोबरं भरपूर आहे, असं अप्पा म्हणाले. जाताना सगळे खुशीत होते.

संध्याकाळी आत्याने विचारलं, "काय मग?"

ताई नेहमीसारखं "ठरवा तुम्ही" म्हणेल म्हणून कोणी तिच्याकडे बघतही नव्हतं. ती दोन दिवसांनी सांगते म्हणाली. आणि दोन दिवसांनी, बाबा कामावरून येऊन पाय धूत असताना, तिने मोरीच्या दारात उभं राहून सांगितलं, "मला नको."

"बरं," बाबा म्हणाले. "त्यांना कारण काय सांगू?"

"त्याने म्हातारीला पुलापलीकडे सोडलं."

आई पोळी लाटायची थांबली. "अगो, खेळातली ती!"

"मला माहीत आहे खेळातली आहे."

"मग?"

"मग काही नाही. मला नको."

आई, आत्या फोनवरून, शेजारच्या काकू कुंपणावरून, सगळ्यांनी तिला समजावलं. पत्रिका जमत नाही म्हणून सांगू, ती मोठी सोय असते. पण फोन बाबा करणार होते, आणि पत्रिका तर जमली होती. बाबांनी अंगणात उभं राहून अप्पांना फोन लावला, रेल्वे जाऊ दिली आणि म्हणाले, "नमस्कार. मुलगी नाय म्हणते. मुलाने म्हातारीला पुलापलीकडे सोडलं म्हणून."

अप्पांचा आवाज आम्हाला घरातही ऐकू येत होता. "कुठल्या म्हातारीला? अहो, आमच्या घरात म्हातारी नाय!"

"आमच्या घरातली. टीव्हीतली."

 मग जे सुरू झालं ते आठ दिवस चाललं. अप्पा म्हणाले, नकार द्या, आमची ना नाही, पण कारण धड द्या. मुलगा म्हाताऱ्या माणसांना कड्यावर टाकून येतो ही गोष्ट दापोलीत पसरली तर त्याला मुलगी कोण देईल? पसरली तर होतीच. आत्याने फक्त तिघींना सांगितलं होतं. केदारचं म्हणणं अप्पांमार्फत आलं: त्या खेळात दुसरा मार्गच नाही, पूल कापावाच लागतो, कोणीही खेळला तरी म्हातारी मागेच राहणार. हे बाबांनी ताईला सांगितलं. ताई म्हणाली, "आणि असेल मार्ग तर?" बाबांनी ते अप्पांना सांगितलं. अप्पा भडकले, "असेल तर दाखवा! मी येतो. हंगाम सोडून येतो. माझ्यासमोर दाखवा."

ठरलं ते असं, की पुढच्या रविवारी दोन्ही घरांसमोर मी खेळून दाखवायचं. आणि बाबांना न्यायाचा झटका आला. साक्षीदाराला आधी तयारी करू देणं बरोबर नाही, असं त्यांनी ठरवलं आणि मशीनची वायर काढून डब्याच्या पिशवीत घातली. रोज ती वायर लोट्याला जायची, पाळी करायची आणि कंपनीच्या बसने परत यायची. मी रडले, जेवले नाही, काही उपयोग झाला नाही. सगळं जग काजवेगड खेळत होतं आणि माझी वायर रसायनं हुंगत होती.

मी ग्रुपावर विचारलं, "पुलापाशी म्हातारीला वाचवता येतं का?" त्यावर जी धुमश्चक्री उडाली ती मी विसरणार नाही. वाचवायचीच नसते, ती गोष्टीचाच भाग आहे, असं बहुतेकांचं मत पडलं. नाशिकवाला अजून तळ्याकाठीच होता, त्याला म्हातारी भेटलीच नव्हती. साताऱ्याच्या मुलाने आपण तिला मुद्दाम सोडली, कारण ती खोकून लांडगे बोलावते, असं लिहिलं आणि तीन जणांनी त्याच्याशी बोलणं सोडलं. निराशावाल्या गृहस्थांनी हा प्रसंगच फसला आहे असं कळवलं. त्यांचा खेळ अजूनही उतरत होता. मी लव्हाळ्यातल्या वाटेबद्दल विचारलं, तर ती नुसती शोभेची असणार, तिथे कोणी गेलेलं नाही, असं उत्तर आलं. एवढ्या माणसांनी खेळ सुरू केला होता आणि पुलापाशी पोचलेल्या सगळ्यांनी दोर कापले होते.

रविवारी अप्पा आले तेव्हा पेटी नव्हती. बसले ते भिंतीकडे पाठ करून, ताठ. केदारची आई होती, केदार होता, आत्या रुमाल पिळत होती. ताई दारात पाठ टेकवून उभी. बाबांनी पिशवीतून वायर काढली, सगळ्यांना दाखवली आणि मशीनला लावली.

पुलापलीकडे केदारने दिवा लावला होता, त्यामुळे मला अगदी आरंभापासून सुरुवात करावी लागली. "ही जाहिरात कधी संपणार?" अप्पा म्हणाले. ती राज्याची पूर्वपीठिका होती. मग गाव आलं, म्हातारी आली. ती काय बोलते ते मी मराठीत सांगत होते. ती म्हणत होती, "बाळा, हळू चल, माझे पाय उचलत नाहीत." केदारची आई लगेच म्हणाली, "संधिवात असणार." अप्पांनी घसा साफ केला. "एक गोष्ट लक्षात ठेवा, ही बाई खोटी आहे."

पुलापाशी आलो. लांडगे मागे. मी म्हातारीला घेऊन लव्हाळ्यात उतरले. वाट शोभेची नव्हती. लव्हाळ्याआड दडून राहिलं की लांडगे हुंगून निघून जात होते, मात्र ती खोकू लागली की परत येत होते. दोनदा आम्हाला खाल्लं आणि खेळाने वाटेच्या तोंडाशी परत उभं केलं; मेलेल्याला तो तेवढी सूट देतो, मशीन बंद करणाऱ्याला नाही. तिसऱ्यांदा बाबा म्हणाले, "ती खोकायच्या आधी मान खाली घालते. तेव्हा तू दगड लांब फेक. ते आवाजाकडे जातील." बाबा खेळाकडे इतकं बारीक बघत होते हे मला माहीतच नव्हतं. दगड फेकला. लांडगे गेले. आम्ही खाली पाण्याकाठी आलो.

पाणी रुंद होतं, काळं, आणि पलीकडे दुसरा किनारा. मी उतरले, म्हातारी मागून उतरली, बुडाली. परत. बुडाली. केदारची आई दर वेळी "आई गं!" म्हणायची. केदार हळूच म्हणाला, "बघा, नाहीच जाता येत." आणि तेवढ्यात अप्पा ओरडले.

"अगो, भरती आहे ती! दिसत नाय तुला?"

सगळे त्यांच्याकडे बघायला लागले. अप्पा पाठ भिंतीपासून सोडून पुढे सरकले होते. "तो खडक बघ. वरपर्यंत ओला आहे, शेवाळ आहे. म्हणजे पाणी चढतं-उतरतं इथे. ही खाडी आहे, नदी नव्हे. थांब जरा. पूल व्हायच्या आधी आम्ही जन्मभर तरीच्या होडीतून खाडी ओलांडली, मला सांगतेस?"

मी त्यांना काहीच सांगत नव्हते, पण मी थांबले. खेळात शेकोटी करून बसता येतं, मी ती केली. म्हातारी शेकोटीपाशी बसली. आणि आम्ही सगळे आमच्या घरात ओहोटीची वाट बघत बसलो. आईने चहा केला. अप्पा टीव्हीपासून हातभर अंतरावर चटईवर येऊन बसले आणि खडकाकडे बोट दाखवून सांगत राहिले, उतरतंय, बघा उतरतंय. हायवेवरून डंपर गेले, मागून गाडी गेली, पण अप्पा त्यांच्यासाठी बोलायचे थांबले नाहीत. खरंच पाणी उतरलं. खालून दगडांची रांग वर आली.

"तिला पुढे घाल," बाबा म्हणाले. "तू मागे. घसरली तर धरता येईल."

"डावीकडचा दगड नको, तो हलणारा दिसतो," अप्पा म्हणाले. "हां. आता थांब. लाट जाऊ दे. चल, चल, चल! अगो, घाई नको!"

"दम लागलाय तिला," केदारची आई म्हणाली.

"लागू दे. मध्ये थांबायचं नाय. पाणी वळलं की संपलं."

पलीकडच्या वाळूवर पाय लागला तेव्हा अप्पांनी मांडीवर अशी थाप मारली की चहाचा कप आडवा झाला. आत्या टाळ्या वाजवत होती. केदारची आई पदराने डोळे पुसत होती. म्हातारी एका दगडावर बसली, तिने गाठोडं सोडलं, त्यातली भाकरी अर्धी मोडली आणि माझ्यापुढे धरली. ती काय म्हणाली ते मी सांगणार होते, पण कोणी विचारलं नाही. सगळ्यांना कळलं होतं.

आनंद ओसरला तसं हळूहळू प्रत्येकाला आठवलं की आपण इथे कशासाठी जमलो होतो. अप्पा मान वळवून केदारकडे बघायला लागले.

"केदार, वाट होती."

"अहो काका, पण तुम्हीच म्हणालात ना, ती खोटी आहे?"

"मघाशी होती खोटी," अप्पा म्हणाले. "आता खाडी ओलांडून आलीय ती माझ्याबरोबर." ते उठून उभे राहिले, आवाज चढला. "मेल्या, तुला ओहोटीपर्यंत थांबवलं नाय? खाडीच्या काठावर जन्माला आलास ना रे? लांडगे मागे लागले म्हणून म्हातारं माणूस सोडून पळालास, आणि वर दोर कापून आलास!" मग बाबांकडे वळून त्यांनी हात जोडले. "तुमची मुलगी बरोबर आहे. हे लग्न होणार नाय. आम्ही देत नाय."

"अहो, मुलगा द्यायचा नसतो..." आत्या म्हणायला गेली.

"नाय देत!"

आणि बाबा, जे नकार घेऊन आठ दिवस फोनवर उभे होते, घाईघाईने पुढे आले. "अहो, असं टोकाला जाऊ नका. मुलगा चांगला आहे. खेळतो चांगला. लांडगे बरेच होते, मी बघितले."

"ते तुमचं मोठेपण," अप्पा म्हणाले. "पण नाय." अशा रीतीने आम्ही नाकारलेलं स्थळ आम्हाला नाकारून मोकळं झालं, आणि बाबा त्यांची समजूत घालत राहिले. शेवटी आईनेच दारातून सांगितलं, वडे तळायला घेतलेत, काळ्या वाटाण्याची आमटी तयार आहे, काय तो नकार जेवून द्या.

ताईचं लग्न पुढे झालं, तिने स्वतः सांगितलेल्या माणसाशी, आणि त्याबद्दल ती मला लिहू देणार नाही. केदारचंही झालं, असं कळलं. अप्पांचा फोन मात्र बाबांना मधूनमधून यायचा आणि दोघं बराच वेळ बोलायचे, आंबा, पाऊस, कंपनी. मी ग्रुपावर ओहोटीचं लिहिलं तेव्हा पहिले दोन दिवस कोणी विश्वास ठेवला नाही, मग सगळ्यांनी खेळ पुन्हा पहिल्यापासून सुरू केला. हे सगळं नंतरचं. मला आठवतं ते त्या दुपारचं जेवण. माजघरात एकच पंगत, नकार देणारे आणि नाकारलेले शेजारी शेजारी, अप्पा मान खाली घालून वडे मोडत होते, आणि मी टीव्हीतली म्हातारी दिव्यापाशी सुखरूप ठेवून पानावर बसले होते, केदारच्या अगदी बाजूला. म्हणूनच मला ते ऐकू आलं.

ताई वाढत होती. केदारच्या ताटापाशी वाकली तेव्हा तो हळूच, तिच्याकडे न बघता म्हणाला, "खाली जाणारी वाट मला दिसली होती. लांब पडेल म्हणून गेलो नाही."

"माहीत आहे," ताई म्हणाली. "तुम्ही तिथे जरा थांबला होतात. त्या थांबण्यावरच मी दोन दिवस विचार केला. हो म्हणावं का म्हणून."

त्याने मान वर केली. "मग?"

"मग तुम्ही दोर कापलेत," ती म्हणाली आणि त्याच्या पानात वडा ठेवला.

केदारने वड्याचा तुकडा मोडला. मग त्याने वाटी पुढे सरकवली.

"आमटी घालता थोडी?"

ताईने वाटी काठोकाठ भरली.